खेळाच्या यंत्राची खिडकी

दिवाणखान्यांत दूरचित्रवाणीच्या पडद्याखालीं जें काळें किंवा पांढरें खोकें ठेवलेलें असतें, त्याला घरांतील मुलें गेम कन्सोल म्हणतात आणि वडील मंडळी मुलांचें खेळणें म्हणतात. दोघांचेंही म्हणणें खरें आहे, पण अपुरें आहे. त्या खोक्याच्या पोटांत एक पुरा संगणक असतो. घरांतल्या इंटरनेटशीं तो जोडलेला असतो, आणि पुष्कळ यंत्रांत जगाकडे उघडणारी एक खिडकीही असते. हिलाच ब्राउझर म्हणतात. सोनीचें प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचें स्विच यांपैकीं सरस कोणतें, यावर मुलांमध्यें हमरीतुमरीचे वाद चालतात. चित्रें कोणाचीं अधिक रेखीव आणि खेळ कोणाचे अधिक, एवढ्यावर ते वाद संपतात. ज्या घराच्या बैठकींत तें यंत्र बसवावयाचें, त्या घरानें आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: या तिघांपैकीं कोणाची खिडकी भक्कम आहे?

प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं. घराच्या खिडकीला गज बसवितात ते चोर आंत येऊं नये म्हणून. कन्सोलच्या खिडकीला गज बसविणारा कारागीर मात्र दोन माणसांना भीत असतो. एक बाहेरचा चोर आणि दुसरा खुद्द घराचा मालक. यंत्र विकत घेणाऱ्यानें त्यावर चोरीचे खेळ चालवूं नयेत, ही कंपनीची चिंता. कार्डाचा क्रमांक आणि मुलांची खाजगी माहिती बाहेर जाऊं नये, ही घरधन्याची चिंता. या दोन चिंता कधीं एकाच कुलपानें भागतात, कधीं भागत नाहींत. तें ध्यानांत न ठेवतां तिन्ही यंत्रांची तुलना करणें म्हणजे वजनांवांचून तराजू धरणें होय.

ब्राउझरचें काम वरवर पाहतां टपालवाल्याचें आहे. पत्ता सांगितला कीं तेथील कागद आणून दाखवावयाचा. पहिल्या काळांत त्या कागदावर मजकूर आणि चित्रें एवढेंच असे. आतां त्याबरोबर जावास्क्रिप्ट नांवाच्या भाषेंतील आज्ञांची चळतही येते, आणि त्या आज्ञा पाठविणाऱ्याच्या नव्हे, तर पाहणाऱ्याच्या यंत्रावर चालतात. अनोळखी माणसानें लिहिलेल्या आज्ञा घरच्या यंत्रानें पाळाव्या, अशी ही व्यवस्था आहे. त्यांनीं मर्यादेंत राहावें म्हणून ब्राउझर लिहिणारे नाना तऱ्हेचीं कुंपणें घालतात. तरी लक्षावधि ओळींच्या त्या लिखाणांत कोठें ना कोठें चूक राहतेच. सर्वांत नेहमींची चूक स्मृतीच्या हिशेबांतली असते. ब्राउझर स्मृतींतील एखादी जागा कामासाठीं वापरतो, काम संपलें कीं ती मोकळी करून दुसऱ्या कामाला देतो. पण पहिल्या कामाजवळचा तिचा पत्ता पुसावयाचा राहून जातो. भाडेकरू खोली सोडून गेला, नवें बिऱ्हाड आलें, आणि जुन्याजवळ किल्ली तशीच राहिली, असा हा प्रकार. या राहिलेल्या किल्लीनें नव्या बिऱ्हाडांत शिरणें हीच खिडकी फोडणाऱ्याची कला. मुद्दाम रचलेलें एक पान यंत्रावर उघडलें म्हणजे तिला पुरे होतें.

जुन्या वाड्याची रचना ज्यांनीं पाहिली आहे त्यांना पुढलें मर्म लवकर कळेल. दिंडी दरवाजांतून आलेला माणूस ओसरीवर बसतो. बोलावल्याशिवाय त्याला माजघरांत जातां येत नाहीं. आणि दागिन्यांची पेटी माजघराच्याही आंत, अंधाऱ्या खोलींत असते. संगणकांतही ब्राउझर ओसरीवर बसविलेला असतो. त्यामागचें माजघर म्हणजे कर्नल, अर्थात् यंत्राचा सारा कारभार पाहणारा गाभा. खिडकी फोडून आलेला चोर ओसरीवरच अडकला तर नुकसान थोडें. माजघराचें दारही त्यानें उघडलें तर घर त्याचें. म्हणून ब्राउझर किती चांगला यापेक्षां त्याच्यामागें किती भिंती आहेत, हें अधिक महत्त्वाचें. तीन कंपन्यांमधला खरा फरक येथें आहे.

खेळाच्या यंत्राला खिडकी बसविण्याची कल्पना आजची नव्हे. सेगा कंपनीचें ड्रीमकास्ट १९९८ च्या नोव्हेंबरांत जपानांत निघालें, त्यांत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारा मोडेम होता आणि ब्राउझरची तबकडीही मिळत असे. निन्टेन्डोनें २००६ सालीं आपल्या डीएस आणि वी या यंत्रांसाठीं नॉर्वेंतील ऑपेरा कंपनीचा ब्राउझर घेतला. पण खरा धडा शिकविला तो सोनीच्या पीएसपीनें. हातांत धरून खेळावयाच्या या यंत्रांत २००५ च्या उन्हाळ्यांत, २.०० या आवृत्तीबरोबर, ब्राउझर आला. त्याच आवृत्तींत चित्रें दाखविणाऱ्या भागांत एक दोष निघाला. टिफ जातीचें मुद्दाम बिघडविलेलें चित्र उघडलें कीं यंत्राचा ताबा सुटे. स्वतः लिहिलेले कार्यक्रम आपल्या यंत्रावर चालवावे अशी हौस असलेल्या पुष्कळांनीं या वाटेनें यंत्र मागच्या, अधिक मोकळ्या आवृत्तीवर नेलें.

सप्टेंबरांत ही वाट निघाली आणि ऑक्टोबरांत तिच्यावर ठग येऊन बसले. आवृत्ति मागें नेण्याचें साधन म्हणून एक कार्यक्रम इंटरनेटवर फिरूं लागला. जो कोणी तो चालवी, त्याच्या यंत्रांतील आवश्यक फायली पुसल्या जात आणि यंत्र कायमचें मुकें होई. सिमँटेक कंपनीनें त्याला पीएसपीब्रिक असें नांव दिलें. ब्रिक म्हणजे वीट. यंत्राची वीट झाली, आणि कंपनीकडे दाद मागावयास तोंड राहिलें नाहीं, कारण कुलूप काढावयास मालक स्वतःच निघाला होता. कुलपें काढणाऱ्या हौशी मंडळींबद्दल पुष्कळांना सहानुभूति वाटते, आणि तींत वावगें कांहीं नाहीं. परंतु परक्याच्या पानावर जाऊन त्याच्या हातीं यंत्राचा ताबा द्यावयाचा, म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर सारा भरंवसा टाकावयाचा, ही गोष्ट त्या वर्षीं प्रथम ठळकपणें दिसली.

यानंतर सोनी आणि निन्टेन्डो या दोघींनीं एकच पायवाट धरली. ब्राउझरचा गाभा स्वतः लिहिणें फार खर्चाचें. केडीई या स्वयंसेवकांच्या मंडळानें लिहिलेला गाभा ॲपल कंपनीनें उचलला, त्यावर २००३ सालीं सफारी हा आपला ब्राउझर काढला, आणि २००५ सालीं वेबकिट या नांवानें तो सर्वांना खुला केला. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस व वी यू या यंत्रांत आणि सोनीच्या व्हिटा व प्लेस्टेशन ४ या यंत्रांत हाच वेबकिट बसला. फायदा उघड आहे. तोटा असा कीं, ॲपलनें दोष दुरुस्त केला म्हणजे ती दुरुस्ती सर्वांना दिसते, आणि दुरुस्ती दिसली कीं दोषही दिसतो. आयफोनवाल्याला दुरुस्ती लगेच मिळते. कन्सोलवाल्याला ती पुष्कळदां महिन्यांनीं मिळते. मधल्या काळांत त्याच्या घराची खिडकी कशी उघडते याचा नकाशा चव्हाट्यावर लावलेला असतो. २०१६ च्या जुलैंत व्हिटा यंत्राची पाळी आली. हेनकाकू नांवाच्या पानावर ब्राउझरनें जावें आणि एक कळ दाबावी, कीं यंत्राचें कुलूप निघत असे.

या दिरंगाईची सर्वांत बोलकी हकीकत निन्टेन्डोच्या स्विचची आहे, आणि तिची सुरुवात खेळण्यांच्या जगापासून फार दूर होते. २०१६ च्या ऑगस्टांत संयुक्त अरब अमिरातींतील मानवी हक्कांचे कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर दोन संदेश आले. अमिरातीच्या तुरुंगांत कैद्यांच्या होणाऱ्या छळाचीं नवीं गुपितें सोबतच्या दुव्यावर मिळतील, असा त्यांचा आशय होता. मन्सूर यांनीं दुवा उघडला नाहीं. तो त्यांनीं टोराँटो विद्यापीठांतील सिटिझन लॅब या संस्थेकडे धाडला. तेथील संशोधकांनीं लुकआऊट कंपनीच्या साह्यानें तपास केला तों त्यामागें तीन दोषांची सांखळी निघाली. एक दोष वेबकिटमधला, उरलेले दोन कर्नलमधले. पान उघडतांच फोनचा कॅमेरा, ध्वनिग्राहक आणि सारे संदेश परक्याच्या हातीं जावयाचे होते. इस्रायलमधील एनएसओ कंपनीचें पेगासस म्हणून जें हेरगिरीचें साधन पुढें जगभर गाजलें, तें हेंच. ॲपलनें २५ ऑगस्ट २०१६ रोजीं तिन्ही दोष बुजविले.

त्यानंतर सहा महिन्यांनीं, ३ मार्च २०१७ रोजीं, स्विच बाजारांत आलें. निन्टेन्डोनें त्यांत ब्राउझर दिला नव्हता. निदान मालकाला दिसेल असा दिला नव्हता. पण हॉटेलांतील किंवा विमानतळावरील वाय-फायला यंत्र जोडतांना नांव-गांव विचारणारें जें पान येतें, तें दाखवावयास ब्राउझर लागतोच. तो आंत होता, आणि वेबकिटचाच होता. आयफोनचीं कुलुपें काढण्यांत नांव कमावलेल्या एका इटालियन तरुणानें दोन आठवड्यांच्या आंत दाखवून दिलें कीं, मन्सूर यांच्यावर योजलेला वेबकिटमधला तोच दोष या कोऱ्या करकरीत यंत्रांत जसाच्या तसा आहे. जगांतल्या वर्तमानपत्रांनीं छापलेला दोष सहा महिन्यांनीं विकावयास काढलेल्या मालांत राहूं द्यावा, याला हलगर्जीपणा यापेक्षां सौम्य शब्द सांपडणें कठीण. त्याच मार्च महिन्यांत अमिरातींत मन्सूर यांना अटक झाली, आणि पुढल्या वर्षीं त्यांना दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. एकाच चुकीच्या एका टोकाला तुरुंग आणि दुसऱ्या टोकाला मुलांचें खेळणें असावें, हा योगायोग विसरण्यासारखा नाहीं.

तरीही स्विच त्या दिवशीं पडलें नाहीं, आणि याचें श्रेय निन्टेन्डोलाच द्यावयास हवें. त्या यंत्राची होरायझन ही कार्यप्रणाली मोठ्या विचारानें रचलेली आहे. तिचा गाभा अगदीं लहान ठेवलेला असून बाकीचीं सारीं कामें निरनिराळ्या कोठड्यांत चालतात. एका कोठडींतून दुसरींत जावयाचें तर गाभ्याची अनुमति लागते. ब्राउझर फोडणाऱ्याला ब्राउझरची कोठडी मिळाली, त्यापलीकडे नाहीं. मोठा घाव बसला तो २०१८ च्या एप्रिलांत, आणि तो खिडकींतून आलाच नव्हता. स्विचमधील टेग्रा ही चिप एनव्हिडिया कंपनीची. यंत्र चालू होतांना सर्वांत प्रथम वाचल्या जाणाऱ्या आज्ञा तिच्यांत कारखान्यांतच कोरलेल्या असतात. त्या कोरलेल्या आज्ञांतच दोष निघाला. कोरलेलें पुसतां येत नाहीं, म्हणून तोंवर विकल्या गेलेल्या लक्षावधि यंत्रांना औषध राहिलें नाहीं.

येथें मघांच्या दोन चिंतांची फारकत अगदीं स्पष्ट दिसते. चिपमधील दोषाचा फायदा घ्यावयाचा तर यंत्र हातांत घ्यावें लागतें, उजव्या बाजूच्या खांचेंतील धातूचें एक टोक जोडावें लागतें आणि यूएसबी तार लावावी लागते. दूर बसलेल्या चोराला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. कंपनीच्या दृष्टीनें या यंत्राच्या इतिहासांत यापरतें संकट नव्हतें. घरधन्याच्या दृष्टीनें तें जवळजवळ निरुपद्रवी होतें. उलट वाय-फायच्या पानांतील दोष कंपनीला फारसा महाग पडला नाहीं. पण स्वरूपानें पाहतां घरधन्यानें भ्यावें तें अशाच दोषाला, कारण तो दुरून वापरतां येतो.

सोनीचा प्रकार निराळा आहे. २०१३ सालीं निघालेल्या प्लेस्टेशन ४ मध्यें ब्राउझर उघडपणें दिलेला होता, आणि खालची कार्यप्रणाली फ्रीबीएसडी या खुल्या प्रणालीवरून बेतलेली होती. दिंडीही सार्वजनिक आराखड्याची आणि माजघरही सार्वजनिक आराखड्याचें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०१४ सालीं १.७६ या आवृत्तीची खिडकी वेबकिटच्या जुन्या दोषानें फुटली. २०१७ च्या डिसेंबरांत ४.०५, २०१८ च्या मे महिन्यांत ५.०५, २०२० च्या जुलैंत ६.७२ या आवृत्त्यांचीं कुलुपें निघाल्याचें जाहीर झालें. माजघराचें दार दर वेळीं नव्या ठिकाणीं उघडलें, पण शिरण्याची खिडकी तीच. २०२१ च्या डिसेंबरांत ९.०० या आवृत्तीची पाळी आली तेव्हां तर गंमतच झाली: ब्राउझरमध्यें पान उघडावयाचें, आणि पडद्यावर सूचना येईल त्या क्षणीं, आंतील रचना मुद्दाम बिघडविलेली यूएसबी काडी यंत्रांत खोंचावयाची. एक हात खिडकींतून आणि दुसरा परसदारांतून.

सोनीनें यावर उपाय योजला तो प्लेस्टेशन ५ मध्यें. हें यंत्र २०२० च्या नोव्हेंबरांत परदेशांत आणि २ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारतांत विक्रीस आलें. त्यांत ब्राउझरचें चित्रच ठेवलें नाहीं. खिडकी काढली, असें लोकांना वाटलें. प्रत्यक्षांत तिच्यापुढें कपाट सारलेलें होतें. यंत्राची माहितीपुस्तिका पडद्यावर दाखवावयाची तर ती इंटरनेटवरून येणार, आणि ती दाखविणारा वेबकिटच असणार. इंटरनेटवरील नांवाचा पत्ता सांगणारी एक यादी असते, तिला डीएनएस म्हणतात. मालकानें आपल्या यंत्राला निराळी यादी वापरावयास सांगितली, कीं माहितीपुस्तिका म्हणून वाटेल तें पान उघडतां येतें. २०२२ च्या ऑक्टोबरांत ४.०३ आणि जवळपासच्या आवृत्त्यांवर याच मार्गानें कर्नलपर्यंत मजल गेली. फरक इतकाच कीं, या वेळीं कर्नलच्याही वर हायपरव्हायझर नांवाचा पहारेकरी बसविलेला होता. तो कर्नलच्या आज्ञा बदलूंच काय, वाचूंही देत नसे. म्हणजे सोनीनें खिडकीचा आडोसा केला त्याचा उपयोग थोडा झाला, भिंत वाढविली तिचा अधिक झाला.

आणखी एका बाबतींत सोनीनें शहाणपणा दाखविला. २०२० च्या जूनमध्यें तिनें जाहीर केलें कीं, प्लेस्टेशनमधील दोष आधीं कंपनीला कळविणाऱ्यास बक्षीस मिळेल. प्लेस्टेशन ४ मधील अतिगंभीर दोषास पन्नास हजार डॉलरांपासून पुढें. निन्टेन्डोनें अशी योजना २०१६ च्या डिसेंबरांत, थ्रीडीएसपुरती, सुरू केलीच होती. चोरवाटा शोधणारा माणूस शत्रु न मानतां त्याला कामास लावावें, ही कल्पना दिसण्यास साधी. पण ती पचनीं पडावयास या कंपन्यांना फार वर्षें लागलीं. सोनीला कळविलेला असाच एक दोष २०२४ सालीं सर्वांसमोर आला. तो ब्राउझरमध्यें नव्हता. इंटरनेटची तार जोडतांना पीपीपी नांवाची जी जुनी बोलणी होते तिच्यांत होता, आणि त्या जातीच्या दोषाची जगांतील नोंद २००६ सालची होती. अठरा वर्षांचा हा म्हातारा ११.०० पर्यंतच्या प्रत्येक प्लेस्टेशन ४ मध्यें स्वस्थ बसून होता. खिडकीवर पहारा ठेवणाऱ्यांनीं नळाच्या मोरीकडे पाहिलें नव्हतें.

उरलें एक्सबॉक्स. मायक्रोसॉफ्टची सुरुवात कांहीं अभिमानास्पद नव्हती. तिच्या पहिल्या यंत्राची गुप्त किल्ली २००२ सालीं अँड्रू हुआंग या विद्यार्थ्यानें यंत्रांतील तारांवरून जाणारे संकेत टिपून वाचली. परंतु या कंपनीला ठेंच लागून शहाणपण आलें. एक्सबॉक्स ३६० वर २०१२ च्या ऑक्टोबरांत इंटरनेट एक्सप्लोरर आला, तोही वर्गणी भरणाऱ्यांपुरताच. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्यें मात्र सारी रचनाच पालटली. यंत्रांत एक नव्हे, तीन कार्यप्रणाली. एक हायपरव्हायझर सांभाळणारी, दुसरी खेळ चालविणारी, तिसरी ब्राउझर व इतर किरकोळ कामें करणारी. वाड्याच्या भाषेंत सांगावयाचें तर ब्राउझरला ओसरी दिली नाहीं. अंगणापलीकडे स्वतंत्र बंगली बांधून दिली. त्या बंगलींतील माजघरही कोणी लुटलें, तरी मुख्य वाड्याची भिंत शाबूत राहते.

याची परीक्षा २०२४ च्या जुलैंत झाली. एक्सबॉक्सच्या दुकानांत मिळणाऱ्या एका लहानशा ॲपमधून शिरून त्या तिसऱ्या कार्यप्रणालीचा कर्नल काबीज करण्याची कृति प्रसिद्ध झाली. बंगली पूर्णपणें पडली. खेळ चालविणारी बाजू मात्र त्या कृतीच्या हातीं लागली नाहीं. यंत्र निघून तोंवर साडेदहा वर्षें झालीं होतीं. तेवढ्या काळांत प्लेस्टेशन ४ चीं कुलुपें कितीदां निघालीं तें वर आलेंच आहे.

पण भिंतीइतकेंच श्रेय एका उघड्या दाराला आहे. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें कोणाही मालकाला अनुमति दिली कीं, वीस डॉलरांच्या आसपास नोंदणीची फी भरावी आणि आपल्या यंत्रावर स्वतः लिहिलेले कार्यक्रम राजरोसपणें चालवावे. चोरीचे खेळ तेथें चालत नाहींत, पण हौशी माणसाची हौस भागते. याच्या उलट उदाहरण सोनीचें. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स बसविण्याची सोय आधीं दिलेली होती; ती १ एप्रिल २०१० च्या आवृत्तीनें काढून घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बर्लिनच्या परिषदेंत फेलओव्हरफ्लो या मंडळीनें दाखवून दिलें कीं, सह्या करतांना दर वेळीं नवा असावयाचा आंकडा सोनीनें प्रत्येक वेळीं तोच वापरल्यामुळें गुप्त किल्ली साध्या गणितानें काढतां येते. लिनक्सची वाट उघडी होती तोंवर या यंत्राच्या वाटेस फारसें कोणी गेलें नव्हतें, असें त्याच मंडळींनीं त्या वेळीं सांगितलें. अर्थात् वाट बंद केल्यामुळेंच किल्ली गेली असें ठामपणें म्हणतां येणार नाहीं. चूक आधींपासून होतीच. तथापि कुशल माणसांना रिकामें आणि रागावलेलें ठेवणें कोणत्याही कोठाराच्या धन्याला परवडत नाहीं.

आतां घरधन्याच्या बाजूनें. वर सांगितलेल्या बहुतेक साऱ्या प्रकरणांत खिडकी फोडणारा यंत्राचा मालकच होता. कन्सोलच्या ब्राउझरमधून शिरून घरोघरचीं कार्डें लुटल्याचा मोठा प्रकार उघडकीस आलेला नाहीं. जी मोठी चोरी झाली ती निराळ्या ठिकाणीं. २०११ च्या एप्रिलांत सोनीच्या स्वतःच्या कचेरीयंत्रांतून सुमारें सात कोटी सत्तर लाख खात्यांची माहिती गेली, सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली, आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीं २०१३ सालीं अडीच लाख पौंड दंड केला. घरांतील खिडकी कितीही पक्की असती तरी तेथें उपयोग नव्हता. भारतापुरती एक भिंत रिझर्व्ह बँकेनें उभी केली आहे: १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक आपल्याकडे साठवून ठेवतां येत नाहीं, त्याऐवजीं एक सांकेतिक अंक ठेवावा लागतो.

म्हणून निर्भय राहावें असें नाहीं. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, खेळण्याच्या दांड्यानें एकेक अक्षर निवडून पासवर्ड लिहिणें इतकें जिकिरीचें असतें कीं माणूस तो आंखूड ठेवतो, आणि एकदां लिहिला कीं यंत्रांतच साठवून ठेवतो. पत्त्याची ओळ बारीक, पाहणारा दहा फूट दूर. बँकेचें पान खरें कीं नकली हें ओळखणें तेथें संगणकापेक्षांही कठीण. तिघांची तुलना या दृष्टीनें केली तर एक्सबॉक्सचा ब्राउझर सर्वांत ताजा ठरतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून तेथें क्रोमियमवर बांधलेला एज आहे, म्हणजे संगणकावरच्या भावंडाचाच वंश, आणि त्याच्यामागें बंगलीची भिंत आहे. स्विचनें मालकाला खिडकी दिलीच नाहीं, हें मुलांच्या घरांत सोयीचेंच आहे. येथें तें आलें तेंही बहुधा प्रवाशांच्या सामानांतून आणि आयात करणाऱ्या दुकानदारांकडून. प्लेस्टेशन ४ चा ब्राउझर बातमी वाचावयास किंवा खेळांतील अडलेली जागा शोधावयास ठीक. बँकेचा, वीजबिलाचा किंवा शाळेच्या फीचा व्यवहार त्यावर करणें शहाणपणाचें नाहीं. घरांतील वाय-फायच्या राउटरवर पाहुण्यांसाठीं वेगळी जोडणी करतां येते. कन्सोल तिच्यावर ठेवलें तर तें बिघडलें तरी शेजारच्या संगणकाशीं त्याला बोलतां येत नाहीं.

राहतां राहिला जुन्या यंत्रांचा बाजार. तेथें एक विलक्षण भाव चालतो. इतर कोणतीही वस्तु जितकी अद्ययावत् तितकी महाग, पण ९.०० किंवा त्यापूर्वींच्या आवृत्तीवर राहिलेलें प्लेस्टेशन ४ हौशी गिऱ्हाईक शोधीत असतें आणि त्यासाठीं चार पैसे अधिक मोजतें, कारण त्याचें कुलूप निघतें. विक्रेताही तो क्रमांक जाहिरातींत आवर्जून सांगतो. मुलासाठीं स्वस्तांतलें यंत्र घ्यावयास गेलेल्या बापाला त्या आंकड्याचा अर्थ ठाऊक नसतो. त्याला वाटतें, हा कांहीं तरी गुण असावा. आधींच्या मालकानें त्यांत कोणाकोणाचीं पानें उघडलीं आणि कोणते कार्यक्रम चालविले, हें बाहेरून दिसत नाहीं. असें यंत्र घरीं आणल्यावर सर्वांत आधीं आंतील सारें पुसावें, सोनीच्या स्वतःच्या ठिकाणाहून नवी आवृत्ति चढवावी, आणि मगच त्यावर मुलाचें खातें उघडावें. आवृत्तीचा क्रमांक सेटिंग्जमध्यें, सिस्टिमखालीं, सिस्टिम इन्फर्मेशन या ओळींत लिहिलेला असतो.